आठव्या पोर्टवरचा फोन

२० ऑगस्ट २००८, बुधवार

वृद्धनिवासाचं काम मिळालं! दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीतली ती दोन मजली पिवळी इमारत. पाच फोन, वायफायची एक पेटी आणि गेटवर एक कॅमेरा. अहमदाबादचे स्फोट झाल्यापासून ज्याला त्याला कॅमेरा हवाय. मकरपुऱ्यातली नोकरी सोडून दीड वर्ष झालं, पण 'सगळं तुम्हीच ठरवा' असं म्हणणारं गिऱ्हाईक हे पहिलंच.

मी ठरवलं ते असं. वेगळ्या लाइटीची भानगडच नको. नेटवर्कची जी वायर आवाज नेते, तीच लाइटही नेईल. जिन्याखाली एक पेटी बसवायची, तिला आम्ही स्विच म्हणतो. तिला आठ पोर्ट. एकेका पोर्टमधून एकेक वायर निघणार आणि टोकाला जे असेल त्याला बोलकंही करणार आणि पोसणारही. फोनपाशी प्लग नाही, ॲडाप्टर नाही, कोणा आजीचा पाय अडकेल अशी लोंबती वायर नाही. पेटीला एक बॅटरी दिली की गावाची लाइट गेली तरी फोन चालू.

हे सगळं वहीत का लिहितो? पहिल्या नोकरीतले साहेब म्हणायचे, साइटवर जे दिसेल ते त्याच संध्याकाळी उतरवून ठेव, कामाचं काय आणि बिनकामाचं काय ते नंतर ठरतं. साहेब गेले, सवय राहिली. देवश्री म्हणते, "बायकोला चार शब्द सांगायला वेळ नाही, आणि वहीला पानंच्या पानं!"

२६ ऑगस्ट, मंगळवार

फोन लागले. दिनकररावांच्या ऑफिसात एक (ते विश्वस्त), व्यवस्थापक कौशल्याताईंच्या टेबलावर एक, स्वयंपाकघरात, पहिल्या मजल्याच्या पॅसेजमध्ये आणि दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये. आठातले सात पोर्ट भरले.

दुसऱ्या मजल्यावर सुभानराव म्हणून एक गृहस्थ आहेत. ऐंशीच्या आसपासचे, ताठ, मिशा अजून पिळदार. पूर्वज संस्थानी सरकारच्या पलटणीत, स्वतः रेल्वेत होते. मी स्क्रू पिळेपर्यंत शेजारी खुर्ची टाकून बसले.

"ह्याला लाइट कुठून?"

"ह्याच वायरीतून, काका."

"आणि बोलणं?"

"तेही ह्याच वायरीतून."

"एकाच वायरीतून दोन्ही. मग एक बंद पडलं की दुसरंही बंद."

मी म्हटलं, बंद पडणारच नाही. कानातल्या यंत्रामुळे त्यांना मोबाईलवर बोलता येत नाही, यंत्र शिट्ट्या मारतं. म्हणून त्यांचा सगळा भरवसा ह्या पॅसेजमधल्या फोनवर. परदेशातून थेट ह्याच फोनवर बोलता येईल का, असं विचारलं. येईल म्हटलं, बाहेरचा नंबर लावून वर पंधरा दाबायचं. त्यांनी ते खिशातल्या चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि मला दोनदा वाचून दाखवलं.

फोन कोणी उचलू शकत नसेल तर ऐकू येणारा निरोप देवश्रीच्या आवाजात घेतला. "नमस्कार. आपण ज्यांना फोन केला आहे ते आत्ता बोलू शकत नाहीत." पाच वेळा घ्यावा लागला, दर वेळी हसत होती.

१ सप्टेंबर, सोमवार

दिनकररावांची नवी टूम. निवासाच्या गणपतीची आरती थेट इंटरनेटवर दाखवायची, म्हणजे अमेरिकेत-बिमेरिकेत गेलेली मंडळी बघतील. मान वळवणारा कॅमेरा मागवला होता, तो आज आला, आपोआप फिरतो, जवळ जातो. झकास यंत्र.

पोर्ट एकच रिकामा होता, आठवा. वायर तिथे खोचणार तोच कौशल्याताई म्हणाल्या, "अहो सलीलभाई, गणपतीला छेल्ला नंबर? पहिला मान त्याचा!" आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. आपल्या घरी पत्रिकेपासून हळदीच्या पुडीपर्यंत पहिलं सगळं त्याचंच. मग एकेक वायर एकेक घर खाली सरकवली. आता असं आहे: १ श्री, २ दिनकरराव, ३ गेट, ४ वायफाय, ५ कौशल्याताई, ६ स्वयंपाकघर, ७ पहिला मजला, ८ दुसरा मजला. मानाप्रमाणे पंगत बसली. ताईंनी पेटीला हळदकुंकू लावलं. दुपारी सगळं तपासलं, आठही दिवे हिरवे.

३ सप्टेंबर, बुधवार. गणेश चतुर्थी

काय आरती झाली! कॅमेरा समईवरून मूर्तीवर, मूर्तीवरून टाळ वाजवणाऱ्या आजींवर. न्यू जर्सीहून लगेच मेल आला, आजींचा नातू रडला म्हणे. दिनकररावांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. म्हणाले, "माझ्या मेहुण्याचं हॉस्पिटल होतंय वाघोडिया रोडला. शंभरेक पॉइंट असतील. तुझं नाव घालतो." घरी येऊन देवश्रीला सांगितलं तर तिने मोदकावर तुपाची धार जास्तच सोडली.

६ सप्टेंबर, शनिवार

सुभानरावांची तक्रार. रोज साडेसातला फोन 'मरतो', आठच्या सुमाराला 'जिवंत होतो'. कौशल्याताईंनी डोळे मिचकावले. सगळं निवास खाली आरतीला येतं, हे एकटे वर पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसतात. "देवाशी कायतरी वाकडं आहे त्यांचं," ताई म्हणाल्या.

दुपारी बारा वाजता जाऊन पाहिलं. फोन ठणठणीत. माझ्या मोबाईलवरून लावून दाखवला, खणखणीत वाजला.

८ सप्टेंबर, सोमवार

परत तेच! आज मला उभं करून सांगितलं. स्क्रीन काळी होते, रिसीव्हर उचलला तर काही ऐकू येत नाही. मी समजावलं. काका, स्क्रीन आपोआप अंधारते, वाजला की उजळते. आणि ऐकू येत नाही ते तुमच्या यंत्राच्या बॅटरीमुळे असेल, ती बदलून बघा. त्यांनी कानातलं यंत्र चाचपलं. मग म्हणाले, "असेल. कान माझेच गेलेत." फोन इतका का लागतो ते विचारलं, तर नुसती मान हलवली.

आरतीच्या वेळी येऊन बघा म्हणाले. मी आरतीच्या वेळी जिन्याखाली लॅपटॉप घेऊन थेट प्रक्षेपण सांभाळतो, वर कसा जाणार? म्हातारा देवावर वैतागलाय आणि खापर माझ्या वायरीवर फोडतोय.

११ सप्टेंबर, गुरुवार

फोनच्या यंत्रणेतली नोंद सहज चाळली. एकूण कॉल दोनशे चौदा. स्वयंपाकघरातून कोणीतरी रोज दुपारी अर्धा तास सुरतेला बोलतं. ५, ७ आणि १० तारखेला संध्याकाळी पावणेआठच्या आगेमागे परदेशातला एकच नंबर पंधरावर येऊन गेलाय, तीनदा. ००१ ४१६ ५५५ ०१४२. निरोप ऐकून ठेवून दिलेला. लॉटरी लागली म्हणून सांगणारे असतील, हल्ली म्हाताऱ्या माणसांना फार गंडवतात. सुभानरावांच्या हाती लागला नाही ते बरंच.

१४ सप्टेंबर, रविवार. अनंत चतुर्दशी

साडेसातला शेवटची आरती दाखवली, मग मिरवणूक सूरसागर तलावावर. घसा बसलाय.

१६ सप्टेंबर, मंगळवार

कसं लिहू कळत नाही.

हॉस्पिटलचा आराखडा करायला स्विचची माहितीपुस्तिका उघडली. ती मी आधी वाचलीच नव्हती. पोर्ट आठ, पण आठही पोर्टांना मिळून लाइट साठ वॅट. सगळ्यांनी एकदम जास्त मागितलं की पेटी शेवटच्या पोर्टाची लाइट तोडते. काही न सांगता, कुठे घंटी न वाजवता. मागणी कमी झाली की परत जोडते.

हिशेब मांडला. दुपारी सगळं मिळून एक्कावन्न. संध्याकाळी गेटच्या कॅमेऱ्याचे अंधारातले दिवे लागतात, चार वॅट जास्त. खाली आलेले पाहुणे वायफायवर, तीन जास्त. आणि गणपतीचा कॅमेरा मान फिरवायला लागला की पाच जास्त. त्रेसष्ट.

पेटीच्या आतली नोंद काढली. ३ सप्टेंबर, ७:३१, पोर्ट ८ बंद. ४ सप्टेंबर, ७:३०, पोर्ट ८ बंद. रोज, चौदा तारखेपर्यंत. रोज साधारण आठला परत चालू.

म्हातारा खरं बोलत होता. रोज. आणि मी त्याला त्याचे कान तपासायला लावले.

कॅमेरा आठव्या पोर्टवर ठेवला असता तर आरती दिसली नसती, एवढंच झालं असतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

सकाळीच जाऊन कॅमेऱ्याला वेगळा ॲडाप्टर दिला, म्हणजे आता काही तुटणार नाही. कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सांगून काय होणार? गणपती गेले. अर्धा तास फोन बंद, तोही बारा दिवस. नेमक्या त्या वेळी कोणाचं दवाखान्यासाठी अडलं नाही, कोणी पडलं-झडलं नाही. दिनकररावांना आत्ता सांगितलं तर हॉस्पिटल गेलं समजा.

असं लिहिलं तर ठीक वाटतं. वाचलं की नाही वाटत.

२३ सप्टेंबर, मंगळवार. अविधवा नवमी

आज निवासात जायला नको होतं.

पहिल्या मजल्याच्या फोनचं बटण अडकत होतं म्हणून गेलो. सुभानरावांनी बायकोचं श्राद्ध घातलं होतं. मला वरून पाहिलं आणि हाक मारली, "सलील, जेवून जा. सवाष्ण जेवून गेली, पण घरचं म्हणून पानावर बसायला कोणी नाही." खोलीत पाट मांडलेला. खीर, वडे, भोपळ्याची भाजी. मी जेवलो. नाही कसं म्हणणार?

आणि वाढता वाढता त्यांनी सांगितलं. मुलगी निरुपमा, निरू. बावीस वर्षांपूर्वी परजातीत लग्न केलं, ह्यांनी दार बंद केलं. ती टोरांटोला. अकरा वर्षांपूर्वी बायको आजारी पडली. निरूचा फोन आला, "आईशी बोलू द्या." ह्यांनी "इथे तुझं कोणी नाही" म्हणून रिसीव्हर ठेवून दिला. बायको रोज विचारायची, निरूचा फोन आला होता का हो? हे रोज म्हणायचे, नाही आला. एकवीस दिवस. मग ती गेली.

"ह्या वर्षी म्हटलं, पुरे. एका भाच्याकडून पत्ता काढला. पत्र लिहिलं. क्षमा मागितली, आयुष्यात पहिल्यांदा. लिहिलं, गणपतीत संध्याकाळी साडेसातला सगळे खाली आरतीला असतात, पॅसेज रिकामा असतो, मी फोनपाशी बसेन. माफ केलं असलंस तर कर." खिरीचा चमचा माझ्या पानात उपडा केला. "नाही आला. बरोबर आहे तिचं. मी तिच्या जागी असतो तर मीही केला नसता."

मी म्हटलं, "परत लिहा ना."

"एकदा मागायची क्षमा. दुसऱ्यांदा मागणं म्हणजे तिच्या गळ्यात पडणं."

मी मान खाली घालून वडा खाल्ला. आणखी वाढला, तोही खाल्ला. एवढंच केलं मी.

२५ सप्टेंबर, गुरुवार

दिनकररावांचा मेहुणा उद्या काम बघायला येणार, बरोबर त्याचा इंजिनियर. तो नोंदी उघडून बघणार हे नक्की. सकाळी जाऊन पेटीतली नोंद पुसली. फोनच्या यंत्रणेतलीही पुसली. एकच बटण असतं. 'खात्री आहे का?' विचारतं. हो म्हटलं.

मग लॅपटॉप मिटून निवांत चहा घेतला. ते लिहून ठेवतो.

४ ऑक्टोबर, शनिवार

नवरात्र. देवश्री मैत्रिणींबरोबर गरब्याला गेली, मी डोकं दुखतंय म्हटलं. खोटं. तरसालीच्या मैदानावरचा ढोल घरात ऐकू येतो.

मी स्वतःला काय काय सांगतो त्याची यादी करावी. तिने फोन केलाच नसेल. केला असेल तरी रागाने भांडली असती. म्हाताऱ्याने आपल्या बायकोशी जे केलं ते काय मी करायला लावलं होतं? त्याला सांगून त्याचा जीव आणखी जाळायचा, ते काय बरं?

शेवटचं तर फारच छान सुचलं. त्याच्या भल्यासाठी!

९ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

हॉस्पिटलचं काम मिळालं. पत्र हातात आहे.

निवासात पेढे द्यायला गेलो. सुभानरावांनी खोलीत पूर्वजांची तलवार पुजली होती. मला म्हणाले, "तुझीही हत्यारं आण, पूज." मग माझी वायर दाबायची पक्कड त्यांनी तलवारीशेजारी ठेवली, झेंडूचं फूल वाहिलं, आणि माझ्या हातात आपट्याचं पान दिलं. "सोन्यासारखा राहा."

वाकून नमस्कार केला. उठताना त्यांच्याकडे बघवेना. ते पान ह्याच वहीत ठेवतोय, दुसरीकडे कुठे ठेवू?

११ ऑक्टोबर, शनिवार

पान ठेवायला वही मागे चाळली आणि थांबलो.

११ सप्टेंबर. माझंच अक्षर. ५, ७ आणि १० तारीख, पावणेआठ. ००१ ४१६ ५५५ ०१४२.

टोरांटोचाच कोड आहे, तपासून पाहिला. तिने केला होता! तीनदा. मी नोंद पुसली तरी नंबर इथे बसून होता, मीच लिहिलेला, लॉटरीवाला म्हणून.

देवश्री चहा घेऊन आली. मी वही तिच्यापुढे केली. आजवर कधी दाखवली नव्हती. तिने एक सप्टेंबरपासून वाचली. चहाला साय आली. शेवटी म्हणाली, "तीनही वेळा तिने माझाच आवाज ऐकला असेल रे. ते आत्ता बोलू शकत नाहीत. आणि मी हसत होते."

मी म्हटलं, "नंबर चिठ्ठीवर लिहून देतो त्यांना. कुठूनतरी मिळाला म्हणून सांगतो."

"चिठ्ठी?" तिने वही मिटून माझ्या पोटाशी दाबली. "हीच घेऊन जा. सगळी."

१२ ऑक्टोबर, रविवार

आत्ता घरी आलोय. जसं झालं तसं लिहितो.

संध्याकाळी सात वाजता गेलो. सुभानराव पॅसेजमध्येच होते, फोनपासून चार हात दूर, पेपर वाचत. मी म्हटलं, "काका, तुमच्या मुलीने फोन केला होता. गणपतीत. तीनदा. फोन बंद होता तो माझ्या चुकीने. तुमचे कान ठीक होते."

मला वाटलं होतं ओरडतील. गेले कित्येक दिवस मी ते ओरडणं डोक्यात ऐकत होतो. पेपर गुडघ्यावर पडला. म्हणाले, "केला होता?"

"हो."

"तीनदा?"

"हो काका."

मिशा हलत होत्या. मग खांदे हलायला लागले. आवाज अजिबात नाही. मी कधी कोणा म्हाताऱ्या माणसाला असं रडताना पाहिलं नव्हतं, आणि ते रडणं आनंदाचं होतं. तेच मला सहन होईना. हा आनंद माझ्या खिशात होता आणि मी तो घेऊन गावभर फिरत होतो.

माझ्या हातातली वही मागितली. मी ११ सप्टेंबरचं पान काढून दिलं, पण त्यांनी एक पान मागे उलटलं. चष्मा लावून बोटाने ओळ ओळ वाचलं. म्हातारा देवावर वैतागलाय, तेही वाचलं. पुढे १६ तारीख वाचली, १७ वाचली. नवमीचं पान आलं तिथे बोट थांबलं.

"माझ्याकडे जेवलास तेव्हा तुला माहीत होतं."

"फोन बंद होता हे माहीत होतं. तिने केला होता हे काल कळलं."

"बंद होता, एवढं सांगितलं असतंस तरी मी परत लिहिलं असतं."

"हो."

"सोळा सप्टेंबरपासून आज. किती झाले?"

मला मोजावे लागले नाहीत. "सव्वीस दिवस."

"माझे एकवीस." त्यांनी वही मिटली नाही. "तू माझ्याही पुढे गेलास." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तो घेऊन घरी आलो असतो. मग म्हणाले, "फरक एवढाच, की मी सांगायला उठलो तेव्हा ऐकायला कोणी उरलं नव्हतं."

क्षमा केली असं काही म्हणाले नाहीत. मीही मागितली नाही. कुठल्या तोंडाने मागणार होतो?

खाली रामरक्षा सुरू झाली. साडेसात.

"आता खांबासारखा उभा राहू नकोस," ते म्हणाले, "आकडे बारीक काढलेत. तू वाच, मी दाबतो." मी वाचले. दर आकड्याला ते "पुढे" म्हणत होते. शेवटचा दोन दाबला आणि मला हाताने जा म्हणाले. वही मला परत दिली.

मी जिन्याखाली येऊन पेटीसमोर बसलो. कॅमेऱ्याला वेगळी लाइट आहे, आता काही तुटणार नाही हे पक्कं ठाऊक होतं, तरी बसलो. पोर्टातून बोलणं वाहायला लागलं की त्याचा दिवा भराभर लुकलुकतो. आठवा दिवा लुकलुकत होता. पण घंटी वाजतानाही तो लुकलुकतो. घड्याळ लावलं. चाळीस सेकंद. एक मिनिट. तिकडे निरोप घेणारं यंत्र असेल तर आता थांबेल. दोन मिनिटं. तीन. थांबला नाही.

दिनकरराव जिन्यावरून उतरत होते. "काय रे, काही बिघडलं?" मी बसल्या जागेवरून सगळं सांगितलं, नोंद पुसली तेही. ते शेवटच्या पायरीवर बसले. म्हणाले, "म्हणजे आमच्या थेट आरतीमुळे?"

"नाही. माझ्यामुळे."

त्यांनीही त्या दिव्याकडे पाहिलं. उठताना म्हणाले, "मेहुण्याला मला सांगावं लागेल." मी म्हटलं, "सांगा. नाहीतर मी सांगतो." ते म्हणाले, "तूच सांग," आणि निघून गेले.

अट्ठेचाळीस मिनिटांनी दिवा संथ झाला. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग सुभानराव कठड्याशी येऊन वाकले.

"सलील, आहेस का खाली?"

"आहे काका."

"ती उद्या परत करणार आहे. ह्याच वेळेला."

"चालू असेल."

"आणि तुझ्या वहीत चूक आहे. तीन नाही रे, सहा वेळा केला होता तिने. शेवटचा विसर्जनाच्या दिवशी. म्हणाली, त्यानंतर मनाशी ठरवलं की आता पुन्हा नाही."

११ तारखेनंतर मी फोनची नोंद पाहिलीच नव्हती, आणि २५ तारखेला न वाचताच पुसली. हो म्हटलं. ते खोलीत गेले.

घरी आल्यावर ११ सप्टेंबरचं पान काढलं. तीनदा हा शब्द खोडून वर सहादा लिहिलं.